असवानच्या नुबियन गावात पाहुणा म्हणून जाताना

दक्षिण इजिप्तमधील असवान शहराला जाणाऱ्या बहुतेक पर्यटकांच्या वेळापत्रकात ‘नुबियन गाव’ ही दोन तासांची एक नोंद असते. मोटरबोटीने जायचे, निळ्या घरांपुढे उभे राहायचे, मगरीचे पिल्लू हातात धरून छायाचित्र काढायचे, उंटावरून फेरी मारायची आणि जेवणाच्या वेळेला हॉटेलात परतायचे. अशी भेट वाईट नसते, पण तिच्यातून गाव दिसत नाही, गावाचा बाजार दिसतो. ज्यांना प्रथमच तिकडे जायचे आहे आणि गाव खरोखर पाहायचे आहे, त्यांनी या कामासाठी निदान दीड ते दोन दिवस राखून ठेवावेत. ते कोणत्या क्रमाने आणि कसे घालवावेत, हे पुढे सांगितले आहे.

निघण्यापूर्वी समजून घ्यायचे

नुबिया हा नाईल नदीच्या दोन्ही काठांवरचा प्रदेश. तो असवानजवळच्या पहिल्या प्रपातापासून, म्हणजे नदीच्या खडकाळ, खळाळत्या टप्प्यापासून, दक्षिणेकडे सुदानमध्ये खोलवर पसरलेला आहे, म्हणजे आजच्या दोन देशांत तो विभागला गेला आहे. केर्मा, नपाता आणि मेरोए ही इथल्या प्राचीन कुश राज्याची केंद्रे होती. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात इथल्या पिये राजाने उत्तरेवर स्वारी केली आणि त्याच्या वंशजांनी इजिप्तचे पंचविसावे राजघराणे म्हणून राज्य केले. पुढे सहाव्या शतकात इथली राज्ये ख्रिस्ती झाली, कित्येक शतके तशीच राहिली आणि मग हळूहळू इस्लामकडे वळली. नुबियन माणसाला ‘इजिप्तच्या दक्षिणेकडचे लोक’ एवढ्यावर संपवणे चूक आहे, कारण त्यांची भाषा अरबीच्या कुळातली नाही आणि त्यांचा इतिहासही दुसऱ्या कुणाच्या इतिहासाची पुरवणी नाही.

तरीही गावात पाऊल ठेवण्यापूर्वी राजांपेक्षा धरणांचा इतिहास माहीत असणे अधिक गरजेचे आहे. असवानचे जुने धरण १९०२ मध्ये पूर्ण झाले आणि त्यानंतर त्याची उंची दोनदा वाढवण्यात आली, पहिल्यांदा १९१२ पर्यंत आणि पुन्हा १९३३ पर्यंत. प्रत्येक वेळी पाणी चढले, काठावरची सुपीक पट्टी आणि खजुराची झाडे बुडाली, आणि लोकांनी वरच्या खडकाळ उतारावर नव्याने घरे बांधली. शेती गेल्यामुळे पुरुष कैरो आणि अलेक्झांड्रियात स्वयंपाकी, दरवान किंवा घरगडी म्हणून नोकरीला गेले. गावे बायकांनी, म्हाताऱ्यांनी आणि मुलांनी सांभाळली. मग १९६० मध्ये उंच धरणाचे काम सुरू झाले आणि या वेळी वर सरकायला जागाच उरणार नव्हती. ऑक्टोबर १९६३ ते जून १९६४ या काळात इजिप्तमधील सुमारे पन्नास हजार नुबियनांना असवानच्या उत्तरेला, कोम ओम्बोच्या परिसरात नेऊन वसवण्यात आले. सीमेपलीकडे सुदानमध्ये वादी हल्फा भागातील जवळपास तेवढ्याच लोकांना दूरच्या खश्म अल्-गिरबा इथे हलवले गेले. बोटीत चढण्यापूर्वी लोक कबरस्तानात गेले, आप्तांच्या कबरींवर पाणी शिंपडले आणि काहींनी अंगणातली मूठभर माती बरोबर घेतली. या स्थलांतराला नुबियन लोक ‘तहजीर’ म्हणतात. मराठीत धरणग्रस्त या शब्दाला जे वजन आहे, तेच या शब्दाला आहे, आणि गप्पांत तो आपण न काढता त्यांच्याकडून येऊ द्यावा.

त्याच वर्षांत युनेस्कोच्या पुढाकाराने अबू सिंबेलचे मंदिर तुकडे करून सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा उभारले गेले आणि पुढे फिलेचे मंदिरही शेजारच्या अगिल्किया बेटावर हलवले गेले. दगडांसाठी अनेक देशांनी पैसा आणि अभियंते दिले, पण घरांसाठी तसे काही घडले नाही. आज आपण जे नुबियन गाव पाहतो, ते म्हणूनच जुने नुबिया नव्हे. जुने नुबिया उंच धरणामागे साठलेल्या नासर सरोवराखाली आहे.

गाव कोणते निवडावे

या एका निर्णयावर भेटीचा सारा रंग अवलंबून असतो, त्यामुळे तो प्रवास कंपनीवर सोडू नये.

सर्वांत प्रसिद्ध गाव म्हणजे पश्चिम तीरावरचे गर्ब सोहेल. असवान शहराच्या वरच्या अंगाला, जुन्या धरणाच्या अलीकडे ते वसलेले आहे. पर्यटकांच्या बोटी बहुतांशी इथेच लागतात. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मसाले, मणी आणि सुती कपड्यांची दुकाने आहेत, घरे लखलखीत निळ्या, पिवळ्या, नारिंगी रंगांत रंगवलेली आहेत आणि बऱ्याच घरांचे अतिथिगृहांत रूपांतर झाले आहे. हा झगमगाट बराचसा पर्यटनामुळे आलेला आहे. जुन्या गावांतल्या भिंती माती, चुना आणि स्थानिक रंगांनी सजवलेल्या असत. म्हणून गर्ब सोहेल खोटे ठरत नाही. गावकऱ्यांनी आपल्याच हाताने उभा केलेला तो व्यवसाय आहे आणि त्यावर कित्येक कुटुंबे चालतात. मात्र दुपारी तिथे गेल्यास गर्दीखेरीज काही हाती लागत नाही. रात्री मुक्काम केला आणि सकाळी बोटी येण्याआधी वरच्या गल्ल्यांतून चालले, तर तेच गाव वेगळे भासते.

दुसरा पर्याय म्हणजे शहरासमोरचे एलिफंटाइन बेट. त्यावर सियू आणि कोती ही दोन नुबियन गावे आहेत, आणि नवख्या माणसाने सुरुवात इथूनच करावी असे माझे मत आहे. काठावरून लोकांची रोजची होडी मिळते, भाडे किरकोळ असते आणि बेटावर मोटारी नाहीत. मातीच्या भिंतींमधून जाणाऱ्या अरुंद वाटा, आंब्याच्या आणि खजुराच्या बागा, भाजीचे वाफे, दारात बसलेल्या आजीबाई, हे सारे कोणी आपल्यासाठी मांडून ठेवलेले नसते. होडीत बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात असे दिसले, तर आपणही तसेच बसावे.

तिसरे सोहेल बेट. तिथल्या काळ्या-तांबूस ग्रॅनाइटच्या खडकांवर शेकडो प्राचीन लेख कोरलेले आहेत आणि सात वर्षांच्या दुष्काळाची कथा सांगणारा प्रसिद्ध शिलालेखही तिथेच आहे. लेख पाहून झाल्यावर पर्यटक परततात, पण पलीकडचे गाव तितकेच पाहण्यासारखे आहे. दोन धरणांच्या मधल्या पाण्यात, फिलेच्या मंदिराजवळ, हैसा नावाचे बेट आहे. तिथे सहसा गर्दी नसते, पण जेवणाची किंवा राहण्याची सोय आधी ठरवूनच जावे लागते.

सुदानमधील नुबिया हा खरा तर या संस्कृतीचा मोठा भाग. केर्माचे विटांचे प्रचंड बांधकाम, जेबेल बर्कलचा डोंगर, मेरोएचे टोकदार पिरॅमिड हे सारे तिकडे आहे. परंतु एप्रिल २०२३ पासून तिथे युद्ध पेटले आहे, त्यामुळे त्या प्रवासाचा बेत सध्या करू नये.

तयारी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे ते सप्टेंबरमध्ये पारा सहज चाळिशीपलीकडे जातो आणि दुपारी बाहेर पडणे शहाणपणाचे नसते. हिवाळ्यात रात्री नदीवर चांगलाच गारवा असतो, म्हणून शाल किंवा स्वेटर हवाच. रमजानात जाणार असाल, तर दिवसा दारात चहा मिळेल अशी अपेक्षा धरू नये. सूर्यास्तानंतर मात्र अगत्य दुप्पट होते.

मुंबईहून कैरोला थेट विमान मिळते. कैरोहून असवानपर्यंत विमानाने दीड तासाच्या आत किंवा रेल्वेने रात्रभरात पोहोचता येते. भारतीय पारपत्रधारकांसाठी व्हिसाचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून ओळखीच्यांच्या जुन्या अनुभवावर न विसंबता इजिप्तच्या दिल्लीतील दूतावासाकडे किंवा मुंबईतील वाणिज्य दूतावासाकडे प्रत्यक्ष विचारणा करावी. ड्रोन अजिबात नेऊ नये, कारण परवान्याशिवाय ते बाळगणे तिथे बेकायदेशीर आहे आणि ते विमानतळावरच जप्त होते. धरणांच्या आणि लष्करी ठाण्यांच्या परिसरात कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वीही विचारून घ्यावे. सुट्ट्या नोटा भरपूर जवळ ठेवाव्यात.

पहिला दिवस : संग्रहालय आणि वाळूची टेकडी

पहिल्या दिवशी गावात जाऊच नये. शहराच्या दक्षिण टोकाला असलेले नुबिया संग्रहालय आधी पाहावे. ते १९९७ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या वास्तूला पुढे आगा खान वास्तुकला पुरस्कारही मिळाला. बुडालेल्या गावांतून उचलून आणलेल्या वस्तू, कुशच्या राजांचे पुतळे, ख्रिस्ती काळातली भित्तिचित्रे आणि शेवटी माणसांच्या आकृत्यांनी उभे केलेले गावातले रोजचे जीवन, अशी मांडणी तिथे आहे. बाहेरच्या बागेत एक नुबियन घर बांधून दाखवले आहे. ते सावकाश पाहावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी खऱ्या घरात काय न्याहाळायचे ते कळते.

संध्याकाळी वेळ उरल्यास पश्चिम तीरावरच्या कुब्बत अल्-हवा टेकडीवरील थडगी पाहावीत. तिथे हर्खुफ नावाच्या अधिकाऱ्याचे थडगे आहे. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी त्याने दक्षिणेकडे केलेल्या व्यापारी सफरींची हकिकत त्याच्या थडग्याच्या दर्शनी भिंतीवर कोरलेली आहे, आणि तो एका बुटक्या नर्तकाला घेऊन येतो आहे हे कळल्यावर बालराजाने उतावीळपणे धाडलेले पत्रही तिथेच वाचायला मिळते. या नदीवरून उत्तर-दक्षिण ये-जा किती जुनी आहे, हे एका भिंतीपाशी उभे राहून उमगते.

होडी ठरवताना

काठावर पाऊल टाकताच होडीवाले गराडा घालतात. यात राग येण्यासारखे काही नाही, ती त्यांची रोजी आहे. ‘ला, शुक्रन’ म्हणजे ‘नको, धन्यवाद’ एवढे हसतमुखाने म्हटले की पुरते. सौदा ठरवताना चार गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात : भाडे माणशी आहे की पूर्ण होडीचे, एकेरी आहे की जाऊन-येऊन, तिथे किती वेळ थांबणार, आणि रक्कम इजिप्शियन पौंडातच आहे ना. पैसे परतल्यावर द्यावेत. ‘बक्षीस’ हा शब्द तिकडेही जवळजवळ याच उच्चाराने चालतो आणि त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मात्र होडीवाला एखाद्या ठरावीक घरातच नेण्याचा आग्रह धरू लागला, तर तिथे त्याची दलाली असू शकते हे ध्यानात ठेवून आपला बेत शांतपणे सांगावा.

गावात पोहोचल्यावर

पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीत ठेवावा आणि नुसते चालावे. समोरून येणाऱ्या वडीलधाऱ्यांना आपण आधी अभिवादन करावे. ‘अस्सलामु अलैकुम’ सर्वत्र चालते, पण ‘मस्काग्ना’ हा नुबियन शब्द उच्चारला की चेहरे खुलतात. कपडे साधे आणि अंगभर असावेत. खांदे व गुडघे झाकलेले असावेत, हे स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे.

घराकडे बाहेरून आत असे पाहावे. दर्शनी भिंतीला लागून मातीचा लांब ओटा असतो, त्याला मस्तबा म्हणतात. आपल्याकडच्या पारावर किंवा ओसरीवर चालतात तशा गप्पा तिथे चालतात आणि बसण्याचे बोलावणे बहुधा तिथूनच येते. दारावर उठावाची नक्षी असते, कधी मातीच्या गिलाव्यात चिनी मातीच्या बशा बसवलेल्या असतात आणि कधी दाराच्या माथ्यावर पेंढा भरलेली मगर टांगलेली असते. ही सारी नजर लागू नये म्हणूनची योजना आहे. आत मोकळे अंगण असते, त्यात पुष्कळदा स्वच्छ वाळू पसरलेली असते, आणि भोवती खोल्या.

जुन्या घरांत छताकडे नजर जरूर टाकावी. असवानकडच्या केन्झी नुबियनांच्या घरांना मातीच्या विटांची कमानदार छते असतात, तर दक्षिणेकडच्या फदिजा लोकांत खजुराच्या ओंडक्यांची सपाट छते अधिक होती. या प्रदेशात लाकूड दुर्मीळ, म्हणून गवंडी कमानीखाली लाकडी आधार न देताच काम करत. मागच्या भिंतीला टेकवून पहिली ओळ तिरकी लावायची, पुढची ओळ तिच्यावर रेलवायची आणि अशी एकेक ओळ चढवत छत पुरे करायचे. विटा पातळ असत आणि त्यात भुसा जास्त घातलेला असे, म्हणून त्या हलक्या होत. हसन फथी या इजिप्शियन वास्तुशास्त्रज्ञाने ही पद्धत १९४० च्या दशकात असवानजवळच्या गर्ब असवान गावी पाहिली आणि इथल्याच गवंड्यांना बरोबर घेऊन लुक्सॉरजवळ नवे गुर्ना गाव बांधायला घेतले. मातीच्या घराला मागासलेपणाची खूण मानणाऱ्या प्रत्येकाने त्या छताखाली दुपारी दहा मिनिटे बसून पाहावे.

मगरींबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. गर्ब सोहेलमध्ये अनेक घरांत सिमेंटच्या हौदात जिवंत मगरी ठेवलेल्या असतात आणि तोंड बांधलेले पिल्लू हातात देऊन पैसे घेतले जातात. मगरीला या संस्कृतीत मान आहे, पण चार हात लांबीच्या हौदात तिला कोंडणे हा त्या मानाचा भाग वाटत नाही. नको असेल तर नम्रपणे नाही म्हणता येते आणि कोणी वाईट वाटून घेत नाही. तसेच ‘शाळा’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या काही वर्गांत फळ्यावर नुबियन अंक आणि अक्षरे शिकवली जातात. तो पर्यटकांसाठीचा पाठ असतो हे जाणून गेल्यास तो अर्धा तास मजेत जातो. मुलांची खरी शाळा चालू असताना आत डोकावू नये.

बायकांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि नकार मिळाल्यास दुसऱ्यांदा विचारू नये. मुलांना रस्त्यात पैसे किंवा चॉकलेटे वाटणे टाळावे.

पाहुणचार

बसल्यावर पहिल्यांदा बहुधा लालभडक करकदे येते. ते ज्या बोंडांपासून बनते, ती आपल्या लाल अंबाडीचीच. अंबाडीच्या बोंडांचे सरबत किंवा चटणी ज्यांच्या घरी होते, त्यांना चव लगेच ओळखू येईल. हिवाळ्यात ते गरमही देतात. त्यानंतर काळा, गोड चहा. पहिला पेला नाकारणे बरे दिसत नाही.

जेवणात तव्यासारख्या ‘दोका’वर घातलेली, धिरड्याची आठवण करून देणारी पातळ भाकरी मिळाली, तर ती आवर्जून खावी. वाळवलेल्या भेंडीची बुळबुळीत भाजी, मसूर, वांगी, मातीच्या भांड्यात शिजवलेले मांस किंवा नदीचा मासा हे नेहमीचे पदार्थ आहेत. वाळवलेल्या पातळ भाकरीचे तुकडे पाण्यात भिजवून केलेले ‘अब्रे’ हे थंड पेय आता सगळीकडे मिळत नाही, पण विचारून पाहावे. शाकाहारी मंडळींनी ‘अना नबाती’ एवढे सांगून थांबू नये. भाजी मांसाच्या रश्शात शिजवली असू शकते आणि कोंबडी मांसात धरतातच असे नाही, म्हणून आदल्या दिवशीच यजमानांना सविस्तर सांगावे.

नदी समोर असल्यामुळे पाण्यात उतरण्याचा मोह होतो. नाईलच्या संथ, साचलेल्या कडेच्या पाण्यात बिल्हार्झिया या आजाराचे जंतू असू शकतात, तेव्हा तो मोह आवरावा.

भाषा आणि गाणे

एकाच गावात सगळे एकच नुबियन भाषा बोलतात असे समजू नये. असवानच्या आसपास केन्झी बोलली जाते, तर फदिजा लोकांची भाषा नोबीन. दोन्ही जवळच्या असल्या तरी पाण्याला केन्झीत ‘एस्सी’ आणि नोबीनमध्ये ‘अमन’ म्हणतात, यावरून अंतराची कल्पना येईल. मध्ययुगात जुनी नुबियन भाषा ग्रीक वळणाच्या लिपीत लिहिली जात असे. पुढे लेखनाची ती परंपरा खंडित झाली आणि अलीकडे काही अभ्यासक व कार्यकर्ते तीच लिपी पुन्हा शिकवू लागले आहेत. घरातल्या तरुणांना आजी कोणत्या भाषेत रागावते असे विचारावे, गप्पांना त्याहून चांगली सुरुवात नाही.

मुक्काम केल्यास रात्री ‘तार’ या डफासारख्या वाद्याचा ठेका ऐकू येतो. त्या तालावर टाळ्या वाजवत, रांगेत खांद्याला खांदा लावून पुढे-मागे डुलत नाचतात. तोश्का गावी जन्मलेले हमझा अल्-दीन यांनी हे संगीत ऊद हे तंतुवाद्य आणि तार यांसह जगभर नेले आणि असवानकडचेच मोहम्मद मुनीर आज साऱ्या इजिप्तचे लाडके गायक आहेत. जाण्यापूर्वी दोघांना थोडे ऐकून गेले की यजमानांपाशी विषय आपोआप निघतो. लग्नाचे बोलावणे मिळाले तर ते सोडू नये.

नवी वसाहत पाहायची असल्यास

कोम ओम्बोजवळच्या नस्र अल्-नूबा भागात बुडालेल्या गावांचीच नावे धारण करणारी गावे आहेत. बल्लाना, तोश्का, कलाब्शा ही नावे तिथल्या पाट्यांवर दिसतात, पण नदी दिसत नाही. सरकारने घरे कुटुंबातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे रांगांत वाटली, त्यामुळे पूर्वीचे शेजारी आणि भाऊबंद पांगले. लोकांनी त्या एकसारख्या घरांना हळूहळू ओटे बांधले, दारे रंगवली आणि भिंती सजवल्या. इथे पर्यटकांसाठी काहीच नाही, म्हणूनच ओळखीच्या नुबियन माणसाने बोलावल्याशिवाय जाऊ नये. २०१४ च्या राज्यघटनेतील २३६ व्या कलमात नुबियनांना मूळ प्रदेशात परत वसवण्याची तरतूद आहे आणि तो प्रश्न आजही जिव्हाळ्याचा व नाजूक आहे. यजमानाने बोलायला सुरुवात केली तर ऐकावे, पण त्याला मत विचारून अडचणीत आणू नये.

खरेदी आणि परतीचा प्रवास

घरात चहापाणी किंवा जेवण होणार असेल, तर त्याचे मोल आधीच विचारावे. ते घेण्यास संकोच झाला, तर घरातल्या बाईने खजुराच्या पात्यांपासून विणलेली रंगीत ‘तबग’ म्हणजे झाकणवजा परडी विकत घ्यावी. तीच भिंतीवर टांगलेली दिसते आणि कारागिरी खरी असते. दुकानांतले ‘असवानचे केशर’ मात्र ओळखून घ्यावे. स्वस्तात ढिगाने मिळते ते केशर नसून करडईच्या पाकळ्या असतात, आणि करडई आपल्याला नवीन नाही.

मोटरबोटीऐवजी शिडाच्या फलूकेने गेला असाल, तर परतीसाठी वेळ हाताशी ठेवावा. नाईलवर वारा सहसा उत्तरेकडून वाहतो आणि पाणी उत्तरेकडे जाते. त्यामुळे सोहेलकडे जाताना शीड होडीला वर ओढून नेते आणि येताना नावाडी वाऱ्याला तिरके छेद देत, प्रवाहाच्या आधाराने उतरत येतो. वारा अगदी पडला तरी नदी शहराकडेच आणते, पण तिच्या गतीने. त्या संध्याकाळी रेल्वेचे किंवा विमानाचे तिकीट काढलेले नसावे.